पॉवरबँक, ड्रोन, सीपॅप घेऊन विमानप्रवास: कुठली बॅटरी कुठे ठेवायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आई-वडिलांना घेऊन पहिल्यांदाच लांबच्या विमानप्रवासाला निघाला आहात. सामानात तिघांचे फोन, एक जुना लॅपटॉप, २०,००० आणि ३०,००० एमएएचच्या दोन पॉवरबँक, ड्रोन आणि त्याच्या तीन बॅटऱ्या, शिवाय वडिलांचं सीपॅप (झोपेत श्वास सुरळीत ठेवणारं) मशीन आणि त्याची वेगळी बॅटरी. एक मित्र म्हणतो, सगळं चेक-इन बॅगेत टाक, सिक्युरिटीला कटकट नको. दुसरा म्हणतो, सगळं केबिनमध्ये घे. वर प्रत्येक विमान कंपनीच्या वेबसाइटवर वेगळंच लिहिलेलं. आता कोणाचं ऐकायचं?

पहिल्या मित्राचं अजिबात ऐकू नका. दुसऱ्याचं बरंचसं बरोबर आहे, पण तुमच्या एका पॉवरबँकेला परवानगी लागेल. आणि प्रश्नात जाता जाता तुम्ही लिहिलंय की लॅपटॉपचं ट्रॅकपॅड हल्ली नीट दाबलं जात नाही, म्हणून माऊसही घेताय. सगळ्या यादीत मला काळजी वाटली ती या एका वाक्याची. त्याबद्दल शेवटी सविस्तर लिहिते.

मी चौदा वर्षं केबिन क्रूमध्ये होते आणि गेली काही वर्षं नव्या क्रूला धोकादायक वस्तू आणि केबिनमधली आग हा विषय शिकवते. लोक मला बहुतेक वेळा 'काय चालतं, काय पकडतात' असं विचारतात. खरा प्रश्न वेगळा आहे: बॅटरी पेटलीच, तर ती कुठे पेटलेली बरी? एवढं डोक्यात बसलं की निम्मे नियम पाठ करावे लागत नाहीत.

लिथियम-आयन बॅटरीत धन आणि ऋण बाजूंच्या मध्ये प्लास्टिकचा एक पडदा असतो. तो साधारण १० ते २५ मायक्रॉन जाड, म्हणजे केसाहून कितीतरी पातळ. बॅटरी पडून चेपली, कारखान्यातच तिच्यात काही दोष राहिला, किंवा ती वाजवीपेक्षा जास्त चार्ज झाली, की हा पडदा कुठेतरी फाटतो आणि आतल्या आत शॉर्टसर्किट होतं. मग उष्णता वाढते, आतला द्रव उकळतो, त्याची ज्वालाग्राही वाफ बाहेर पडते आणि पेटते. हा द्रव सेंद्रिय असतो, पेट्रोलसारखा जळणारा. शेजारचा सेल तापतो आणि तोही त्याच वाटेने जातो. याला थर्मल रनअवे म्हणतात. एकदा ही साखळी सुरू झाली की नुसती ज्वाळा विझवून भागत नाही. बॅटरीतलं रसायन तापलं की स्वतःच ऑक्सिजन सोडतं, त्यामुळे हवा तोडूनही आतली क्रिया थांबत नाही. ती थांबते फक्त थंड केल्यावर.

प्रशिक्षणात आम्ही हे मोकळ्या मैदानावर प्रत्यक्ष करून दाखवतो. लोखंडी ट्रेमध्ये सहा सेलचा जुना लॅपटॉप बॅटरीपॅक ठेवून खालून तापवायचा. आधी बराच वेळ काहीच होत नाही, मुलं कंटाळतात. मग 'स्स्स' असा बारीक आवाज येतो, पांढरा धूर निघतो, नेलपॉलिशच्या बाटलीसारखा गोडसर उग्र वास येतो, आणि फट्कन ज्वाळा. एक जण अग्निशामक घेऊन पुढे येतो, फवारतो, ज्वाळा विझते. सगळे सुटकेचा श्वास सोडतात. मी फक्त म्हणते, थांबा, मोजा. मिनिटभराच्या आत दुसरा सेल फुटतो आणि पुन्हा तेवढीच ज्वाळा. मग बाटलीमागून बाटली पाणी ओतायला लावते. वाफ होते, चर्र आवाज येत राहतो, आणि हळूहळू तिसरा, चौथा सेल शांतच राहतो. हे एकदा पाहिलेला माणूस पुढे कधी 'एवढीशी बॅटरी काय करणार' असं म्हणत नाही.

आता हीच गोष्ट विमानाच्या पोटात, शंभर बॅगांच्या खाली झाली असं समजा. बऱ्याच जणांना वाटतं, खालच्या सामानकक्षात हवेचा दाब नसतो म्हणून बॅटरी फुटते. तसं नाही. प्रवासी जेट विमानात खालीही वरच्यासारखाच दाब असतो. अडचण ही की तिथे माणूस पोहोचू शकत नाही. धूर ओळखणारी यंत्रणा असते, हॅलॉन वायू सोडायची सोयही असते. हॅलॉन ज्वाळा दाबतो, पण बॅटरी थंड करत नाही. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेने २०१७ मध्ये चाचणीचे निष्कर्ष मांडले होते. बॅगेतला पूर्ण चार्ज असलेला लॅपटॉप मुद्दाम तापवला, शेजारी ड्राय शाम्पूचा एक स्प्रेचा डबा होता. तो डबा फुटला आणि अशा स्फोटानंतर सामानकक्षाची आग विझवायची व्यवस्था निकामी होऊ शकते, हे समोर आलं. लॅपटॉप आणि डिओ शेजारी शेजारी, ही बॅग आपल्यापैकी कोणाचीही असू शकते.

मालवाहू विमानांत याची किंमत माणसांनी मोजली आहे. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईहून निघालेलं यूपीएस या कुरिअर कंपनीचं बोइंग ७४७ विमान मालात लागलेल्या आगीमुळे कोसळलं, दोन्ही वैमानिक गेले. त्या मालात लिथियम बॅटऱ्या मोठ्या प्रमाणात होत्या. नुसत्या लिथियम-आयन बॅटऱ्यांची खेप प्रवासी विमानातून माल म्हणून नेणं १ एप्रिल २०१६ पासून बंद आहे.

म्हणून सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवरबँक चेक-इन बॅगेत कधीच नाहीत, कुठल्याही कंपनीत नाहीत. पॉवरबँक ही सुटी बॅटरीच धरली जाते, कारण ती कुठल्या उपकरणात बसवलेली नसते. सिक्युरिटीला तुमच्या बॅगेची झडती घ्यायची हौस म्हणून हा नियम नाही. बॅटरी अशा जागी हवी जिथे कोणाला तरी धूर दिसेल, हात पोहोचेल आणि पाणी ओतता येईल.

आता तुमचे आकडे. नियम एमएएचवर चालत नाहीत, वॅट-अवरवर चालतात. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. पॉवरबँकेच्या आतले सेल साधारण ३.७ व्होल्टचे असतात, तेव्हा २०,००० एमएएच म्हणजे २० अँपिअर-अवर, गुणिले ३.७, म्हणजे ७४ वॅट-अवर. ३०,००० चे होतात १११. इथे एक चूक हमखास होते: यूएसबीतून ५ व्होल्ट बाहेर येतात म्हणून लोक ५ ने गुणतात आणि उगाच घाबरतात. सेलचा व्होल्टेज धरायचा. १०० वॅट-अवरपर्यंत साधारणपणे परवानगी लागत नाही. १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची आधी परवानगी लागते आणि अशा सुट्या बॅटऱ्या माणशी दोनच. १६० च्या वर प्रवाशाला नेताच येत नाही, फक्त चालता न येणाऱ्यांच्या व्हीलचेअरसारख्या साधनांना वेगळी सूट आहे. बाजारात २६,८०० असा विचित्र आकडा का दिसतो, हे यावरून लक्षात येईल. त्याचे ९९.१६ होतात, मर्यादेच्या जेमतेम आत.

तुमची ३०,००० वाली परवानगीच्या पट्ट्यात येते. माझं प्रामाणिक मत विचाराल तर ती घरी ठेवा. परवानगी मागून मिळेलही, पण परतीच्या विमानात किंवा मधल्या विमानतळावर ती दाखवावी लागेल, आणि अशा वेळी आई-वडील सोबत असताना काउंटरवर वाद घालण्यात काही अर्थ नाही. २०,००० ची एकच पुरे. तिच्यावरचं छापील लेबल वाचता येतंय ना, तेवढं पाहा. अक्षरं पुसली गेली असतील तर क्षमता सिद्ध करता येत नाही, आणि ती काढून घेतली जाऊ शकते.

वेबसाइटवर वेगवेगळं का लिहिलेलं असतं, याचं उत्तर असं की पायाभूत नियम आयसीएओचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे असतात. त्यावर प्रत्येक देश आणि प्रत्येक कंपनी आपापली कडक अट घालू शकते, सैल मात्र करू शकत नाही. गेल्या काही काळात अटी भराभर वाढल्या, त्याला कारण झालं. २८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियाच्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानचं विमान उड्डाणाआधी उभं असताना वरच्या कप्प्यात आग लागली आणि विमानाचं छप्पर जळून गेलं. विमानातले सर्व १७६ जण बाहेर पडू शकले. तपासात पॉवरबँकेकडे बोट दाखवलं गेलं. १ मार्चपासून तिथल्या कंपन्यांना पॉवरबँक वरच्या कप्प्यात ठेवू द्यायला मनाई झाली. सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिल २०२५ पासून विमानात पॉवरबँक वापरणं आणि चार्ज करणं बंद केलं. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून माणशी एकच आणि तीही न वापरता, अशी अट घातली. चीनमध्ये देशांतर्गत विमानांत तिथलं थ्री-सी प्रमाणचिन्ह नसलेली पॉवरबँक २८ जून २०२५ पासून चालत नाही. तेव्हा तुमच्या प्रवासात दोन कंपन्या असतील तर दोन्हींचे नियम काढा आणि जो कडक असेल तो सगळ्या प्रवासाला लावा. निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा पाहा, कारण हे बदलतं.

नियमात असो वा नसो, पॉवरबँक वरच्या कप्प्यात ठेवूच नका. बंद कप्प्यात धूर उशिरा दिसतो. समोरच्या सीटखालच्या छोट्या बॅगेत ठेवा, आणि तिच्यावर फोन लावून झोपू नका. रात्रीच्या विमानात पांघरुणाखाली तापणारी पॉवरबँक मी स्वतः दोनदा बाजूला काढून ठेवायला लावली आहे. प्रवासी गाढ झोपेत होते.

ड्रोनच्या बॅटऱ्यांचा हिशेब प्रत्येकीचा वेगळा करायचा. तिन्हींची बेरीज करून लोक घाबरतात, तसं नाही. समजा एक बॅटरी १४.८ व्होल्ट आणि ५ अँपिअर-अवरची असेल तर ७४ वॅट-अवर, अशा तीनही चालतील. आयएटीए या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या नियमांत साधारण मर्यादा माणशी १५ उपकरणं आणि २० सुट्या बॅटऱ्यांची आहे, काही कंपन्या याहून कमी ठेवतात. ड्रोनचं धड बॅटरी काढून चेक-इनमध्ये गेलं तरी हरकत नाही. बॅटऱ्या केबिनमध्येच, प्रत्येक वेगळ्या पिशवीत किंवा मूळ डबीत, टोकं उघडी असतील तर चिकटपट्टी लावून. किल्ल्या आणि नाण्यांसोबत एकाच खणात टाकलेली बॅटरी म्हणजे शॉर्टसर्किटची पूर्ण तयारी. जाण्याआधी बॅटऱ्या निम्म्यापर्यंत उतरवून ठेवा. तशी सक्ती तुमच्यावर नाही, पण कमी चार्ज असलेली बॅटरी बिघडली तर कमी जोराने पेटते. आणि ड्रोन कधी झाडावर आदळून पडला असेल तर ती बॅटरी हातात घेऊन उजेडात नीट पाहा. कोपरा चेपलेला किंवा कवच फुगलेलं दिसलं तर ती नेऊ नका. जिथे जाताय तिथे ड्रोन आणायलाच बंदी नाही ना, हेही विचारून घ्या.

एक प्रसंग सांगते, कारण हे कुठल्याच यादीत नीट लिहिलेलं नसतं. विमान भरलेलं होतं, शेवटी आलेल्या प्रवाशांच्या केबिन बॅगा गेटवर घेऊन खाली सामानकक्षात पाठवत होते. एका आजोबांना ग्राउंड स्टाफने विचारलं, 'बॅटरी वगैरे काही आहे का?' ते म्हणाले, 'नाही हो, कपडेच आहेत.' बॅगेला टॅग लागला. मी दारात उभी होते. सहज म्हटलं, 'काका, फोन कशाने चार्ज करता?' त्यांनी जीभ चावली आणि बॅग उघडली. दाढीच्या सामानाच्या पिशवीत, रेझर आणि घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यासोबत पॉवरबँक होती. मुलाने भरून दिली होती, त्यांच्या लक्षातही नव्हतं. तुम्हीही आई-वडिलांच्या बॅगा भरणार असाल, तर सगळ्या सुट्या बॅटऱ्या एकाच रंगीत पिशवीत ठेवा आणि ती पिशवी बॅगेत सगळ्यात वर. गेटवर बॅग घ्यायला आले की पिशवी उचलून हातात घ्यायची, बाकी बॅग द्यायची.

वडिलांच्या सीपॅपबद्दल. मशीन आणि त्याची बॅटरी दोन्ही केबिनमध्ये घ्या, चेक-इनमध्ये टाकायचं नाही, बॅग हरवली तर पहिली रात्र मशीनशिवाय जाईल. विमानात झोपताना वापरायचं असेल तर कंपनीला आधी फोन करून सांगा. काही कंपन्या मशीनचं मॉडेल विचारतात, काही डॉक्टरांची चिठ्ठी मागतात. सीटजवळ प्लग असेलच असं धरू नका, असला तरी तो उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी बंद ठेवतात. सीपॅपच्या प्रवासी बॅटऱ्या बहुधा १०० च्या थोड्या आत बनवलेल्या असतात, पण लेबल पाहाच. मशीनमधला हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर बॅटरी फार खातो, विमानात तो बंद ठेवून वापरता येईल का ते डॉक्टरांना विचारा. आणि त्याच्या टाकीतलं पाणी घरीच पूर्ण ओतून टाका. तिरपी झालेली टाकी मशीनच्या मोटरमध्ये पाणी सोडते.

बाकीचं सोपं आहे. इलेक्ट्रिक टूथब्रश, ट्रिमर चेक-इनमध्ये गेले तरी चालतं, फक्त चुकून चालू होणार नाहीत असे ठेवा. टॉर्चचे सेल काढून ठेवा. लॅपटॉप कधी चेक-इनमध्ये टाकावाच लागला तर पूर्ण बंद करायचा. झाकण मिटलं की तो झोपतो, बंद होत नाही. ई-सिगारेटवर भारतात बंदीच आहे; जिथे चालते तिथेही ती केबिनमध्येच, आणि विमानात चार्ज करायची नाही. चार्जिंगची सोय असलेली स्मार्ट सुटकेस घेतली असेल तर तिची बॅटरी निघते का पाहा. न निघणारी बॅटरी २.७ वॅट-अवरपेक्षा मोठी असेल तर ती सुटकेस चेक-इनला चालत नाही.

विमानात फोन सीटच्या फटीत पडला तर सीट मागे-पुढे करू नका, हातही घालू नका. बटण दाबा, क्रू येईल. सीटच्या यांत्रिक भागात फोन चिरडून बॅटरी पेटल्याच्या घटना झालेल्या आहेत. आईलाही हे आधीच सांगून ठेवा, कारण फोन हरवला की माणूस पहिल्यांदा सीटच हलवतो. कुठलीही वस्तू हाताला चटका बसेल इतकी तापली, फुगली, वास आला, तर संकोच न करता लगेच हाक मारा. चार्जर काढा, वस्तूपासून दूर व्हा. पांघरूण टाकून झाकू नका, त्याने उष्णता आत कोंडते. बर्फ ठेवू नका, त्याचंही तेच होतं. क्रू आधी ज्वाळा विझवेल आणि मग पाणी किंवा दारू नसलेलं कुठलंही पेय ओतत राहील. क्रू जवळ नसेल आणि तुमच्या हातात पाण्याची बाटली असेल, तर तीच ओता. फोन वाचवायचा विचार त्या क्षणी सोडा. लोक लाजेने तापलेला फोन खिशात लपवतात, हे मी पाहिलंय. कोणी रागावणार नाही, उलट आम्ही आभार मानू.

आता तो लॅपटॉप. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ट्रॅकपॅडच्या अगदी खाली बॅटरी असते. बॅटरी फुगली की ती खालून ट्रॅकपॅडला वर रेटते, आणि बटण दाबलं जात नाही. सगळ्यांच्या बाबतीत हेच कारण असेल असं नाही, धूळ किंवा घासलेला स्प्रिंगही असू शकतो. पण आजच पाहून घ्या. लॅपटॉप बंद करा, सपाट टेबलावर ठेवा, एका कोपऱ्यावर बोट दाबा. डुगडुगतो का? झाकण मिटल्यावरही मध्ये फट राहते का? तळाच्या पत्र्याच्या कडेला कागद आत जाईल एवढी जागा झाली आहे का? यातलं एकही 'हो' असेल तर तो लॅपटॉप केबिनमध्येही नेता येणार नाही आणि चेक-इनमध्येही नाही. बिघडलेली किंवा कंपनीने परत मागवलेली बॅटरी विमानातून नेणं निषिद्ध आहे. मॉडेलचं नाव कंपनीच्या वेबसाइटवर तपासा, कारण नामांकित कंपन्यांनीही आपल्या बॅटऱ्या परत मागवल्या आहेत. २०१६ मध्ये सॅमसंगचा गॅलेक्सी नोट ७ अमेरिकेत विमानांतून पूर्ण बंद झाला, २०१९ मध्ये ॲपलने २०१५ च्या काही १५ इंची मॅकबुक प्रोच्या बॅटऱ्या बदलून दिल्या.

फुगलेली असेल तर चार्जिंगला लावू नका, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, टाचणीने टोचून हवा काढायचा विचार तर मनातही आणू नका. जळणार नाही अशा पृष्ठभागावर, पडदे आणि गादीपासून लांब ठेवा आणि अधिकृत सेवा केंद्रात बदलून घ्या. त्याला कधी कधी आठवडाभर लागतो, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी बघू असं करू नका. तपासून झालं की लॅपटॉपचं मॉडेल आणि बॅटरीच्या लेबलवर लिहिलेले व्होल्ट आणि वॅट-अवर मला कळवा, ड्रोनच्या आणि सीपॅपच्या बॅटरीचेही, म्हणजे प्रत्येकीचा हिशेब मी तुम्हाला लिहून देते.